दगड हलवण्याआधीचा खर्च कोण देणार?

गावातल्या जुन्या वास्तूंचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात आणि दोन्ही तट आपापली पाठ केलेली वाक्यं म्हणू लागतात. एक तट म्हणतो, सरकारपुढे आणि कंपन्यांपुढे हात पसरू नका; लोकवर्गणी काढा, श्रमदान करा, आपल्या पूर्वजांनी बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) बांधल्या तेव्हा कुणी अर्ज भरत बसलं नव्हतं. दुसरा म्हणतो, वारसा सगळ्या समाजाचा आहे, मग एकट्या गावानं पदरमोड का करायची? सरकारनं निधी द्यावा, नाहीतर सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चातून, आणावा. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी, रायगड, राजगड, साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून तर कुठलाही पडका बुरूज या वादाला पुरतो.

दोन्ही तट पैसा कुणाचा यावर भांडतात. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. पैसा कुणाचाही असो, तो कामाच्या कोणत्या टप्प्याला मिळतो यावर वास्तूचं भलंबुरं ठरतं. आज वर्गणीदार असोत, कंपनी असो की सरकारी योजना, सगळे मधल्या टप्प्याला पैसे देतात, म्हणजे जिथं दगड लागतो, रंग दिसतो, फलक लावता येतो आणि फीत कापता येते तिथं. त्याआधीची मोजणी, नकाशे, मालकीचे कागद, परवानग्या, अंदाजपत्रक यांना कुणी पैसे देत नाही. त्यानंतरच्या देखभालीलाही नाही. अर्ज फेटाळले जातात ते बहुतेकदा या आधीच्या टप्प्यातल्या उणिवांमुळे, आणि मंजूर झालेली कामं बिघडतात तीही त्यामुळेच. म्हणून निधी देणाऱ्यांनी पूर्वतयारीसाठी वेगळं, छोटं अनुदान ठेवायला हवं, आणि संस्थांनी ते संकोच न करता मागायला हवं.

हे ठसण्यासाठी एक साधी बारव घ्या. गाळानं भरलेली, दोन बाजूंच्या भिंतींनी पोट काढलेलं, पायऱ्यांत पिंपळ रुजलेला. गावातली मंडळी उत्साहानं अर्ज लिहितात: गाळ काढणे, भिंत दुरुस्त करणे, रेलिंग, दिवे, सुशोभीकरण, एकूण अमुक लाख. हा आकडा येतो कुठून? ओळखीच्या कंत्राटदारानं उभ्या उभ्या सांगितलेला असतो किंवा बांधकाम खात्याच्या जिल्हा दरसूचीवरून काढलेला असतो. दरसूची मुख्यतः नव्या बांधकामासाठी असते. तिच्यात सिमेंटच्या दर्जाभरणीचा (दगडांमधल्या दर्जा म्हणजे सांधे भरण्याचा) दर सहज सापडतो. सुटलेले दगड क्रमांक घालून उतरवणं आणि त्याच जागी परत बसवणं, याचा दर शोधावा लागतो किंवा दर विश्लेषण करून नव्यानं काढावा लागतो. ते करायला वेळ आणि जाणकार माणूस लागतो, म्हणून अंदाजपत्रकात सिमेंट येतं. एकदा अंदाजपत्रकात आलं की ते मंजूर होतं, आणि मंजूर झालं की ते वापरावंच लागतं. नाहीतर लेखापरीक्षक विचारतो, मंजूर बाब का बदलली?

आता बारवेचं काय होतं ते पाहा. अनेक बारवांच्या भिंती कोरड्या रचाईच्या, म्हणजे चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेल्या असतात. पाणी सांध्यांतून झिरपत आत येतं, हीच त्या बांधकामाची युक्ती. ते सांधे सिमेंटनं भरले की झरे बुजतात, पावसाळ्यात भिंतीमागे पाणी तुंबतं, त्याचा दाब वाढतो आणि भिंत आणखी पुढे येते. जिथं चुन्याची रचाई आहे तिथं सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. क्षार साठतात आणि दगडांच्या कडा फुटतात. थोडक्यात, निधी मिळाल्यानं बारव लवकर पडते. ही चूक काम करताना झालेली नसते. ती अर्ज लिहिताना झालेली असते, कारण तेव्हा भिंत कोरडी आहे की चुन्यातली हे कुणी पाहिलेलंच नव्हतं.

पाहायला काय लागतं? एक मोजमाप घेणारा माणूस, प्रत्येक पातळीचा आडवा नकाशा आणि किमान दोन उभे छेद, एकास पन्नास प्रमाणात. प्रत्येक भिंतीचं मोजपट्टी ठेवून घेतलेलं छायाचित्र. त्या छायाचित्रांवर सुटलेले दगड, भेगा, मुळं, ओल यांच्या खुणा. भेग जिवंत आहे की जुनी, हे कळायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना गिलाव्यानं चिकटवून शेजारी तारीख लिहायची. भिंत हलली तर काच तडकते. याला खर्च जवळजवळ नाही, पण एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यावा लागतो. अर्ज मागवल्यापासून मुदत संपेपर्यंत संस्थेला किती दिवस मिळतात? बहुधा काही आठवडे. म्हणजे जे कळायला वर्ष लागतं ते अर्जदारानं काही आठवड्यांत ठामपणे लिहायचं, आणि तपासणाऱ्यानं ते खरं मानायचं.

मालकीचं प्रकरण तर वेगळंच. बारव गावठाणात आहे, गायरानात आहे की कुणाच्या शेतात? सातबाऱ्यावर ती सामाईक विहीर म्हणून आहे की तिची नोंदच नाही? गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये किंवा मालमत्ता पत्रकावर काय लिहिलंय? मंदिर विश्वस्त संस्थेच्या ताब्यात असेल तर धर्मादाय आयुक्तांकडच्या परिशिष्ट एकमध्ये ती मिळकत दाखवलेली आहे का? आणि हमखास नडणारी गोष्ट म्हणजे विश्वस्तांची नावं. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. कित्येक संस्थांत तो वेळेवर दिलेला नसतो, दिला असला तरी वर्षानुवर्षं प्रलंबित असतो, आणि दफ्तरी अजून दिवंगत माणसंच विश्वस्त असतात. मग करारावर सही कुणाची? निधी देणारी संस्था इथं थांबते आणि गावात बातमी पसरते की वशिला नव्हता म्हणून अर्ज गेला.

लोकवर्गणीवाल्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. त्यांचा सगळ्यात जोरकस मुद्दा असा: वर्गणीतून केलेल्या कामाशी गावाची नाळ जुळते, आणि बाहेरच्या पैशानं केलेलं काम बाहेरच्यांचं राहतं. हे खरं आहे. बारवांतला गाळ काढणाऱ्या, महाशिवरात्रीला तिथं दिवे लावणाऱ्या तरुणांनी जे केलं ते कुठल्याही योजनेनं केलं नव्हतं; विसरलेली बारव पुन्हा गावाच्या नजरेत आली. दुसरा मुद्दाही रास्त आहे. अनुदानासोबत अटी येतात, फलकावरची नावं येतात, कधी स्थळाचा वापर कसा व्हावा याबद्दलचे आग्रह येतात. २०१८ मध्ये लाल किल्ल्याच्या देखभालीचा करार एका उद्योगसमूहाशी झाला तेव्हा जो गदारोळ उठला तो उगाच नव्हता. तिसरा मुद्दा वेगाचा. भिंत आज पडते आहे आणि मंजुरी पुढच्या वर्षी येणार, तर गावानं काय बघत बसायचं?

पण वर्गणी आधीच्या टप्प्याचा प्रश्न सोडवते का? रायगडचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या ब्रिटिश लेखकानं शिवछत्रपतींच्या समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिलं, त्यानंतर सरकारनं देखभालीला वर्षाला पाच रुपये मंजूर केले. १८९५ मध्ये टिळकांनी केसरीतून हाक दिली, पुण्यात सभा झाली, फंड उभा राहिला, लोकांनी वर्गणी दिली. त्या काळात याहून मोठी लोकभावना दुसऱ्या कुठल्या वास्तूमागे होती? तरीही समाधीवरच्या छत्रीचं काम व्हायला १९२०चं दशक अर्धं सरावं लागलं. तीस वर्षं. भावना होती, लोकमान्यांचं नेतृत्व होतं, लोकांचा खिसा उघडा होता. जागा मात्र सरकारच्या ताब्यात, आणि काय बांधायचं, कुणाच्या परवानगीनं, कुणाच्या देखरेखीखाली, याचा उलगडा वर्गणीच्या पावतीपुस्तकानं होत नव्हता. वर्गणी जमवणाऱ्या मंडळाचा पैसा आणि सरकारी खात्याची परवानगी व देखरेख एकत्र आली तेव्हा काम झालं. ज्यांना वाटतं की आज गाव मनावर घेईल तर अर्ज-बिर्ज काही लागणार नाही, त्यांनी ही तीस वर्षं आधी समजून घ्यावीत.

शिवाय श्रमदानाचं नुकसान आपण मोजत नाही, कारण ते मोजणं कृतघ्नपणाचं वाटतं. पिंपळ मुळासकट ओढून काढला की त्यासोबत चार दगड निघतात. तो बुंध्याशी कापून, मूळ जागच्या जागी मारून, मग पोकळी भरायची असते. जेसीबीनं गाळ उपसला की तळातल्या घडीव दगडांचे काठ जातात. गाळात शिल्पाचे तुकडे, नाणी, खापरं असतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हे श्रमदानाच्या किती आयोजकांना ठाऊक असतं? वास्तू केंद्र संरक्षित असेल तर परवानगीशिवाय हात लावताच येत नाही, आणि तिच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध, त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीनं. चांगल्या हेतूनं बांधलेली विश्रांतीची शेड इथंच अडकते. उत्साहाला दोष देण्यात अर्थ नाही. उत्साही माणसांच्या हातात आधी नकाशा आणि तपासणीचा अहवाल असेल तर तेच हात योग्य ठिकाणी लागतील, आणि त्या कागदासाठी पैसा लागतो.

दुसऱ्या तटाचं उत्तर सोपं असतं: कागदपत्रं फार झाली, ती कमी करा आणि पैसा थेट द्या. यातही तथ्य आहे. तीच माहिती प्रत्येक देणगीदार वेगळ्या नमुन्यात मागतो. फेटाळताना कारण सांगत नाहीत. सीएसआरचा पैसा घ्यायचा तर संस्थेकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरलेला हवा आणि तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास हवा. काल स्थापन झालेल्या बारव संवर्धन समितीला हे दार बंदच. तिला एखादी जुनी संस्था सोबत घ्यावी लागते. परदेशी देणगीत तर तेही जमत नाही, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा (परदेशी देणगीच्या कायद्याखालचा) पैसा एका संस्थेनं दुसरीकडे वळवायला मनाई आहे आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. छोट्या संस्थेचा जीव यात मेटाकुटीला येतो हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण कागद म्हणजे इंग्रजांनी किंवा दिल्लीनं लादलेली पीडा, हा समज इतिहासाला धरून नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख वाचा. क्षत्रप राजा नहपानाचा हा जावई इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तीन हजार कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) अक्षयनीवी म्हणजे कायम ठेव देतो. त्यातले दोन हजार गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) दरमहा शेकडा एक व्याजानं, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजच वापरायचं. पहिल्या रकमेतून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब करून पाहा: दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. अंदाजपत्रक एका नाण्यानंही चुकत नाही. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत ऐकवून फलकावर नोंदवलं, असं लेखच सांगतो. रक्कम, ठेवीदार, व्याजाचा दर, लाभार्थी, हेतू, सार्वजनिक नोंद. आजच्या एखाद्या अर्जात या सहा गोष्टी इतक्या स्वच्छ मांडलेल्या असतील तर तपासणारा खूश होईल.

या लेखात आणखी एक गोष्ट आहे जी आज हरवली आहे. उषवदातानं लेणं कोरून सोडून दिलं नाही; ते चालत राहावं याची तजवीज आधीच केली. पुढे देवस्थान इनामं आली, नंदादीपाला, दिवाबत्तीला, झाडलोटीला जमिनी लावून दिल्या गेल्या. त्या व्यवस्थेतले जातीचे आणि हक्कांचे अन्याय मान्य करूनही एक गोष्ट सांगता येते की बांधणाऱ्याला देखभालीचा खर्च हा बांधकामाचाच भाग वाटत होता. आजचं चित्र? कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक वास्तूंचं जतन सीएसआरचं क्षेत्र म्हणून स्पष्ट लिहिलं आहे, पण एखाद्या संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम जानेवारी २०२१ नंतर सीएसआर खर्च धरली जात नाही. म्हणजे उषवदातानं आज अर्ज मागवले असते तर त्याची अक्षयनीवी सीएसआरमध्ये बसली नसती. या बंदीमागचं कारण मी समजू शकतो: कंपन्या आपल्याच प्रतिष्ठानच्या कायम निधीत पैसे टाकून ‘खर्च झाला’ म्हणत होत्या. पण चोरवाट बुजवताना देखभालीची सरळ वाटही बंद झाली.

उरलेल्या योजनांकडेही बघा. केंद्राची २०१७ ची वारसा दत्तक योजना घ्या. तिच्यात कंपन्यांकडून अपेक्षा असते ती स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, फलक, उतार, दिवे अशा सोयींची. मूळ बांधकामाचं जतन पुरातत्त्व खात्याकडेच राहतं. सोयी हव्यातच, पण त्यांना जतन म्हणू नये. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीत देणगीदार विशिष्ट वास्तूसाठी पैसा देऊ शकतो, करार होतो, देखरेख होते. ही रचना चांगली आहे, पण तिच्यापर्यंत पोचतात ती मोठी, नावाजलेली स्मारकं. महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य मिळून संरक्षित वास्तूंचा आकडा काही शेकड्यांत आहे, गावं चाळीस हजारांहून जास्त. गढ्या, वेशी, बारवा, वीरगळ, धर्मशाळा, दीपमाळा यांतलं बहुतेक सगळं कुठल्याच यादीत नाही. यादीत जायलाही मोजणी आणि नोंद लागते. परत तोच आधीचा टप्पा.

त्यात आर्थिक वर्षाचा घोळ. कंपनीचं मंडळ डिसेंबरात प्रकल्प मंजूर करतं, हप्ता जानेवारीत येतो, आणि ३१ मार्चच्या आत खर्चाचा दाखला हवा असतो. चुन्याचं काम असं चालत नाही. चुना भिजवून काही आठवडे मुरवायचा, मग घाणीवर (चुना मळायच्या चक्कीवर) वाळू-विटकरीसोबत मळायचा, थरावर थर देताना मधे वेळ सोडायचा, आणि दर्जा दिवसचे दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या. मार्च-एप्रिलच्या उन्हात घाईनं केलेला चुना पीठ होऊन गळतो, आणि पावसाच्या तोंडावर केलेला धुऊन जातो. घाटमाथ्यावर तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच काळ कामाचा. सीएसआर नियमांत ‘चालू प्रकल्प’ अशी सोय आहे: प्रकल्प सुरू झाल्याचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं खर्च करता येतो, न वापरलेली रक्कम वर्षअखेरीपासून तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून. संस्थांनी अर्जातच ‘हा चालू प्रकल्प धरावा’ असं लिहून मागितलं पाहिजे, कारण ते मंडळालाच ठरवावं लागतं. बहुतेक जण मागत नाहीत. मग मार्चमध्ये जे झटपट उरकतं तेच केलं जातं, म्हणजे फरशी, रेलिंग आणि रंगीत दिवे.

पूर्वतयारीला पैसा देणं ही काही माझ्या डोक्यातली नवी टूम नाही. ब्रिटनमधल्या नॅशनल लॉटरी हेरिटेज फंडात अडीच लाख पौंडांपुढच्या अर्जांना दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात आराखडा, तपासणी आणि परवानग्यांसाठी पैसा मिळतो, त्यातून प्रकल्प पक्का झाला तरच दुसऱ्यात कामासाठी. युनेस्कोच्या जागतिक वारसा निधीत ‘पूर्वतयारी साहाय्य’ असा स्वतंत्र प्रकारच आहे, तीस हजार डॉलरपर्यंतचा. ज्या बारा किल्ल्यांच्या यशावर आपण पेढे वाटले ते यश तरी कशाचं? एका अर्जाचं. आधी २०२१ मध्ये तात्पुरती यादी, मग नकाशे, सीमारेषा, संरक्षक पट्टे, व्यवस्थापन आराखडे, आठ किल्ले केंद्राकडे आणि चार राज्याकडे म्हणून दोन खात्यांचा मेळ. हे करायला सरकारनं माणसं नेमली, त्यांना पगार दिला. त्या कामावर खर्च झाला म्हणून कुणी ‘कागदांवर उधळपट्टी’ म्हणालं नाही. मग गावच्या समितीनं हेच काम फुकटात आणि रात्रीच्या वेळी का करावं?

विद्येच्या क्षेत्रात तर हे आपण करून दाखवलंय. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी एक लाख रुपयांचं वचन दिलं. कामाचा मुहूर्त १९१९ चा, आदिपर्वाचा पहिला भाग निघाला १९२७ मध्ये, पूर्ण आदिपर्व १९३३ मध्ये, आणि सगळा संकल्प १९६६ मध्ये सिद्धीस गेला. ती पहिली आठ वर्षं कशात गेली? मुख्यतः हस्तलिखितं मिळवण्यात आणि पाठ ताडून पाहण्यात. देणगीदारांनी त्या वर्षांत ‘छापलेली पानं दाखवा’ म्हणून पैसा रोखला असता तर आज आपल्याकडे आणखी एक घाईची आवृत्ती असती.

माझ्या सूचनेवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र मी स्वतःच मांडतो. पूर्वतयारीला पैसा द्या म्हटलं की सल्लागारांचं पेव फुटेल. सविस्तर प्रकल्प अहवाल नावाच्या जाडजूड बाडांनी कपाटं आधीच भरलेली आहेत. गुळगुळीत कागदावर संगणकानं रंगवलेली चित्रं, आत तीच ती वाक्यं, फक्त गावाचं नाव बदललेलं. भिंत तशीच, अहवाल मात्र तीन. आक्षेप खोटा नाही. म्हणूनच अनुदान छोटं हवं, वास्तूच्या संभाव्य खर्चाच्या पाच-सात टक्क्यांत बसेल एवढं, आणि ते पानांच्या संख्येवर न देता ठरलेल्या वस्तूंवर द्यावं: मोजमापाचे नकाशे, अवस्थेच्या नोंदी, वर्षभराचं भेगांचं निरीक्षण, मालकीचे उतारे, बाबनिहाय अंदाजपत्रक, देखभालीचं वेळापत्रक. संगणकी रंगीत चित्रांना एक रुपयाही नको. नकाशे आणि नोंदी सार्वजनिक कराव्यात, म्हणजे दुसऱ्या देणगीदारासाठी त्यांवर पुन्हा खर्च होणार नाही. आणि तपासणीअंती ‘इथं आत्ता काहीच करू नका, फक्त पाणी वळवा’ असा निष्कर्ष निघाला तर तो यशस्वी प्रकल्प मानावा. सल्लागाराची फी पुढच्या कामाच्या टक्केवारीत ठरली की असा निष्कर्ष कधीच निघत नाही, कारण काम जितकं मोठं तितकी फी मोठी. फी ठोक हवी.

देणारे बदलेपर्यंत मागणाऱ्यांनी हातावर हात धरून बसायचं कारण नाही. आजच्या नमुन्यांतही अर्जाचे दोन भाग पाडता येतात: पहिल्या वर्षी फक्त तपासणी आणि तातडीचा आधार, म्हणजे पोट काढलेल्या भिंतीला लाकडी किंवा लोखंडी टेकू, वरून येणारं पाणी वळवणं, कुंपण, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दुरुस्ती. आकडा लहान असल्यानं हा अर्ज मंजूर व्हायची शक्यताही वाढते. अंदाजपत्रकात जीएसटी धरायला विसरू नये. कंत्राटी कामावर तो सहसा अठरा टक्के लागतो, विश्वस्त संस्थेला त्याची वजावट बहुधा मिळत नाही, आणि शेवटच्या हप्त्यात तेवढी भिंत अपुरी राहते. आकस्मिक खर्च नव्या इमारतीला तीन-पाच टक्के पुरत असेल, जुन्या वास्तूला दहा ते पंधरा ठेवावा, कारण पहिला दगड उतरवल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. श्रमदान लोकवाटा म्हणून दाखवायचं असेल तर हजेरीपत्रक ठेवावं आणि किमान वेतनाच्या दरानं त्याची किंमत काढावी. ‘ग्रामस्थांचे अमूल्य सहकार्य’ या ओळीला शून्य गुण असतात. सरकारी अनुदान असेल तर दुसरा हप्ता पहिल्याच्या विनियोग प्रमाणपत्रावर अवलंबून असतो, त्याचा जीएफआर (सरकारी वित्तीय नियम) १२-अ हा नमुना पहिल्या दिवशीच समोर ठेवून त्याच शीर्षांखाली खर्च लिहावा. वर्षअखेरीला बिलं जुळवत बसलेल्या खजिनदाराची दमछाक बहुतेक या एका कामानं वाचते.

देखभालीचं काय? कायम निधी सीएसआरमधून नाही, पण राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत सामुदायिक मालमत्तेची देखभाल आणि सांस्कृतिक उपक्रम हे दोन्ही विषय पंचायतींकडे आहेत. बारवेची वर्षाची देखभाल तशी थोडकी असते: मे महिन्यात सांध्यांतली रोपं काढणं, पाण्याच्या वाटा मोकळ्या करणं, पावसाळ्यानंतर भेगांवरच्या काचा पाहून वहीत नोंद करणं, दोन-तीन वर्षांनी हातानं गाळ काढणं. दोन माणसांची वर्षातली काही दिवसांची मजुरी. ती ग्रामपंचायत विकास आराखड्यात एक ओळ म्हणून घालता येते. अर्जाला ग्रामसभेचा ठराव जोडायची पद्धत सगळीकडे आहे, आणि जवळजवळ प्रत्येक ठरावात ‘सदर वास्तूची देखभाल ग्रामपंचायत करेल’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या वाक्यात वर्षाची रक्कम, ती कोणत्या लेखाशीर्षातून जाईल आणि वही कुणाकडे राहील, हे तिन्ही घालून घ्यावं. ग्रामसभा त्याला तयार नसेल तर दुरुस्तीचा अर्ज त्या वर्षी पाठवू नये, तपासणीचा पाठवावा.